मेहेर सरांचा शिलालेख

मेहेर सर गेले, हे मला शिपायाने आठवीच्या वर्गाच्या दारातून सांगितलं. मी फळ्यावर काय लिहीत होतो ते आता आठवत नाही... सिल्वासाच्या आमच्या मराठी शाळेत आम्ही चौदा वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो. महिनाही झाला नाही तोच त्यांच्या नावाने सरकारी पत्र आलं: ‘स्थळपाहणीत लेख आढळला नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ वहिनींनी ते माझ्या हातात ठेवलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून उतरलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

सर मूळचे पालघरच्या किनाऱ्यासमोरच्या एका चिमुकल्या बेटावरचे. तिथे धक्क्यावर पाटी आहे, की फिरंग्यांनी किल्ला बांधण्यापूर्वी येथे वस्ती नव्हती. “म्हणजे आमचे पूर्वज काय, भरतीबरोबर वाहत आले?” सर विचारायचे. देवीच्या देवळामागे एक उभा दगड आहे. त्यावर शिलाहारांच्या काळातला लेख होता, कोळ्यांच्या वस्तीला दिलेल्या नारळीच्या वाडीचं दान. तो मान्य झाला की पाटी बदलू, असं पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसने कबूल केलं होतं. सरांनी दगडावर कागद ठेवून, शाई थोपटून ठसा घेतला आणि सिल्वासात, आमली भागातल्या आपल्या खोलीत, शिकवण्या नाकारून एकेक अक्षर लावलं. आम्ही चिडवायचो, “सर, दगडाशी लग्न लागलंय तुमचं!” ऑफिसचं मात्र एकच पालुपद, खाजगी माणसाचा ठसा पुरावा नाही, आम्ही येऊन पाहू. यायला त्यांना नऊ वर्षं लागली.

साहेब येणार म्हटल्यावर बेटावरच्या लोकांनी काय करावं? पाहुण्यांपुढे देवाचा दगड कळकट नको, म्हणून दोन दिवस आधी त्याला केशरी ऑइलपेंटचे तीन हात दिले. अक्षरं बुजली. साहेब पाच मिनिटं उभे राहिले, “कुठंय लेख?” म्हणाले आणि जेवायला गेले. रंग खरवडून पाहायला वेळ नव्हता. दुसरं पापलेट वाढून घ्यायला होता! मला त्या लोकांचाही राग आला होता. सर म्हणाले, “त्यांनी मान दिला हो. ज्यांना दिला, त्यांचं काय ते बोला.” मी तेव्हा काही बोललो नाही, याची आज लाज वाटते.

परवा बेटावर जाऊन आलो. देवीची पूजा करणारी म्हातारी लक्ष्मीबाय रॉकेलमध्ये काथ्या बुडवून दगड घासत बसली होती. सरांनीच तिला ते शिकवलं होतं.

“मास्तर बोललेला, घाई नाय करायची, अक्षर तुटंल. रोज थोरं थोरं.”

वरच्या ओळीतली सात अक्षरं मोकळी झाली होती.

“न खाली काय लिवलंय, गुरुजी?”

“हे दान जो मोडील त्याला शिवी आहे. चांगलीच घाण. सर वर्गात कधी सांगायचे नाहीत.”

म्हातारी खळखळून हसली... वरच्या ओळीवरचा काथ्या उचलून तिने पुन्हा रॉकेलात बुडवला आणि दगडाच्या तळाशी लावला.

“मंग आधी तीच मोकली करू.”