सिस्टर रायेनने विचारलेली खुशाली

हे रुक्मिणीवल्लभा, ज्या जिभेने तुझे नाम घेतो त्याच जिभेने मी काय करून ठेवले, ते आज सांगतो. तू आणि नर्मदामाई, दोघांनीही पोटात घालावे.

आता काय सांगू तुम्हाला, मंडळी! आपला धडधाकट मुलगा माणसाने आपल्याच तोंडाने मारावा आणि वर देशसेवा केली म्हणून छाती फुगवावी, असा गाढवपणा कधी ऐकला आहे का? तो मी केला. चहा घ्या, सांगतो.

इकाहत्तरच्या लढाईचे दिवस. आम्ही नर्मदेकाठच्या शहरात, अधारताल मोहल्ल्यात राहत होतो. मी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, आणि आमचा एकुलता एक माधव फौजेत, पूर्वेच्या आघाडीवर. त्याची पत्रे थांबली होती. सायकलची घंटी वाजली की माधवची आई हातातली वात तशीच टाकून दाराशी धावे. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून काचांना काळा कागद, आणि फॅक्टरीत नित्य ताकीद: परक्या माणसाजवळ एक अक्षर बोलायचे नाही!

त्यातच माझा हात भाजला. मिशनच्या दवाखान्यात पट्टी बदलायला जाऊ लागलो. तिथे रायेन नावाची एक सिस्टर होती. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची. सावळा, रुंद चेहरा, मोडकी हिंदी. पट्टीला हात लावण्याआधीच तिने आरंभ केला.

"भैया, आप अच्छे? पत्नी अच्छी? माँ? बेटा है? किधर है? गाय कैसी? रास्ता कैसा था? मोहल्ले में सब ठीक?"

मलम लावणाऱ्या बाईला माझी गाय कशाला हवी? आणि बेटा किधर आहे, हे कोणाला कळवायचे आहे हिला?

शेजारच्या पांडेजींना सांगितले. त्यांनी आवाज खाली आणला. "दादा, पक्की जासूस है. कुछ भी बोल दो, सच मत बोलना."

पुढच्या खेपेस सिस्टरने पुन्हा तीच विचारपूस मांडली. मी तयारीनेच गेलो होतो.

"माँ नहीं रही." हे खरेच होते. "गाय मर गई." गाय आम्ही कधी पाळलीच नव्हती! बायकोला मात्र जिवंत ठेवले. संध्याकाळी जेवायला घरीच जायचे होते.

"और बेटा?"

"बेटा भी गया. लड़ाई में."

तिच्या हातातली कात्री थांबली. माझा चांगला हात तिने दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले. मी मनात म्हटले, फसली! त्या संध्याकाळी भजनात मी टाळ जरा जोरानेच वाजवले.

दवाखान्यात पत्ता मात्र खरा लिहून दिला होता. असा मी सावध!

रविवारी दुपारी सिस्टर दारात उभी. हातात भाजलेल्या गव्हाच्या पिठाचा डबा. ती सरळ माधवच्या आईजवळ भुईवर बसली, तिचे हात धरले आणि स्वतःच्या भाषेत, हळू, एका लयीत काहीतरी सांगू लागली. सांगता सांगता रडू लागली.

"अहो, ही काहून रडून राहिली?"

माझ्या आधी सिस्टरच बोलली. "बेटा... लड़ाई में... भैया ने बताया."

माधवच्या आईचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठवू नये, अशी प्रार्थना करतो.

"अगं, खोटं आहे ते! हिला जासूस समजून मीच तसं सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलं? म्हणजे तुम्हाला कळलं होतं! फॅक्टरीत तार आली न? लपवून ठेवली न?"

"तार नाही, काही नाही! देवाची शपथ!"

"देशासाठी खोटं बोलता येते तुम्हाला. मग माझ्यासाठी नाही बोलणार?"

गल्ली जमली. मी पांडेजींचा दंड धरला, "तुम्ही तरी सांगा हिला!" त्यांनाही ते खरेच वाटले; त्यांनी टोपी काढली. "दादा, रो लीजिए. मन में मत रखिए."

सिस्टरला मात्र माझे खोटे उमगले. ती रागावली नाही. म्हणाली, आम्ही मापुचे, म्हणजे जमिनीची माणसे. कोणी भेटले की घरातल्या एकेकाची, गुरांची, वाटेची खुशाली विचारल्यावाचून आमच्यात बोलणे सुरूच होत नाही. पेन्तुकुन म्हणतात त्याला. आजीच्या गावावरून फौज गेली, घरे जळाली. त्यानंतर येईल त्याला आजी विचारी, कोण कोण उरले? शाळेत आमची मापुदुंगुन बोली बोलले की मार मिळे. इथे तर बोलायलाच कोणी नाही, म्हणून हिंदीत विचारते.

मी त्या विचारण्याला जासूसी समजलो!

माधवच्या आईने अन्न सोडले. सिस्टर रोज ड्यूटी संपवून येई, पिठाची पेज पाजी. ती मापुदुंगुनमध्ये बोले, ही मराठीत. आणि दोघींचे अडत नसे. लढाई थांबली, माधवचे पत्र आले. ही म्हणाली, "जाण्याआधीचं लिहिलेलं असेल." माझ्या वाचण्यावरही विश्वास नाही, पांडेजींकडून वाचून घेतले, तरी नाही.

मग एके सकाळी माधवच आला. वाळलेला, एका कानाने बहिरा. हिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपले, तेव्हा कुठे तिला पटले. त्याच्या तुकडीतला, ओमती मोहल्ल्यातला एक मुलगा मात्र परतला नाही. त्या घरी सिस्टर आणि ही, दोघी जाऊन बसल्या. तिथली बातमी खरी होती. मला बरोबर नेले नाही.

पुढे सिस्टर आमच्या घरचीच झाली. आली की उंबऱ्यातच विचारी, "भैया, घर में सब अच्छे?"

मी म्हणे, "सब अच्छे."

की ती मान वळवून हिच्याकडे पाही. ही "हो" म्हणाली, म्हणजे मग बसे.

ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांना विठ्ठल सुखी ठेवो. तुमच्या घरी कोणी खुशाली विचारायला येवो, आणि सारी माणसे जागच्या जागी आहेत असे सांगण्याचे भाग्य प्रत्येक उंबऱ्याला लाभो.