सुपातले हात

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजचं चित्रसंग्रहालय लोकांना फुकट दाखवतात. सोबत सांगणारा माणूसही फुकट. सोलापुरात मे महिन्यात फुकट म्हटल्यावर लोक यायचेच, पण निम्मे पंख्यासाठी. सुंदरम्माला ते दारातच कळायचं. आत आलेला माणूस आधी वर बघायचा, मग भिंतीकडं. शिवाय बाहेर चपला काढून यायचा. "देऊळ न्हाय हे, राहू द्या पायात," असं ती सुरुवातीला सांगायची. मग सांगायचं सोडलं. गार फरशी लागतीय पायाला, तर लागू दे बापड्यांना.

सुंदरम्मा कुंभारी गावची. लहानपणी आईपाशी बसून विड्या वळल्या, लग्नानंतर सासूपाशी बसून वळल्या. नवरा गेला, मग हितं शिपायाच्या जागेवर लागली. त्याला बारा वर्षं झाली. काचा पुसायच्या, माठ भरायचा, टूरच्या मागं मागं फिरून कुणी चित्राला बोट लावत न्हाय ना ते बघायचं. दिवसाला तीन टूर, दोन जिने, आणि गुडघे मात्र तेच जुने. आज एकतीस तारीख, तिचा नोकरीतला शेवटचा दिवस. सुटले एकदाची, असंच तिला वाटत होतं. एक गोष्ट तेवढी घशात अडकलेली.

कोपऱ्यात एक चित्र होतं. मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई. चेहरा एकदम ठसठशीत, हात मात्र पुसट, भुरकट. चित्रामागचा नावाचा कागद वाळवीनं कधीच खाल्लेला, म्हणून कमिटीनं आपल्या मनानं पाटी लावली, 'धान्य निवडणारी स्त्री'. टूर देणारे विरुपाक्ष सर, चित्रकलेचे रिटायर मास्तर, हितं आले की नेहमी रंगात यायचे. "हात पाहा! चित्रकारानं मुद्दाम अस्पष्ट ठेवलेत. धान्य पाखडताना वारा सुटलाय. वारा रंगवणं सोपं नाही!"

ती बाई म्हणजे सुंदरम्माची आई, नागम्मा. आणि सुपात धान्याचा एक दाणा नव्हता.

पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. पण सर इतके खुलून बोलायचे, की मधे बोलणं म्हणजे जेवत्या माणसाचं ताट ओढणं. त्यात माणूस भला. घरून येताना तिच्यासाठी बाटलीभर ताक आणायचा, गुडघ्याला लावायचं तेलसुद्धा त्यानंच आणून दिलं. अशा माणसाला चार लोकांत खोटं कसं पाडायचं? म्हणून ती बारा उन्हाळे आपल्या आईला तांदूळ निवडताना ऐकत राहिली.

दुपारी तीनच्या टूरला पाचसहा बायका आल्या होत्या. सरांचा वारा सुटला, तशी त्यातली एक जाडजूड बाई पुढं वाकली.

"वो सर, हे धान्य न्हवं. ही विड्या वळतीया."

"बाई, हे सूप आहे."

"सूपच की. विड्या काय परातीत वळत्यात व्हय? ही बघा दोऱ्याची गुंडी. आन् ह्या ओल्या फडक्यात पानं गुंडाळल्यात. आमचा जलम गेला त्यात."

बायका फिसकन हसल्या. सरांच्या कपाळावर आठी आली. सकाळपासून बोलून घसा बसलेला, शर्ट पाठीला चिकटलेला.

"सुंदरम्मा, तुम्हीच सांगा यांना. बारा वर्षं ऐकताय तुम्ही. काय करतेय ही?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. सुंदरम्मानं भिंतीला हात टेकला. आज गप्प बसलं, तर उद्यापासून हितं सांगायलाही कुणी नसणार.

"विड्या वळतीया, सर," ती हळूच म्हणाली. "माझी अव्वा हाय ती."

ती चित्राजवळ सरकली.

"कॉलेजच्या पोरांना चित्राला माणूस पायजे होतं. आठ दिवस बसवलं तिला. उठून गेली तर परत तितंच बसावी म्हणून भोवती खडूनं रेघ मारलेली. मी दहा वर्षांची, शेजारी बसून पानं कापत हुते. तो पोरगा सारखा म्हणायचा, बाई, हात हलवू नको. अव्वा म्हणायची, तोंड घे तुला, हात माझे मला लागत्यात. दिवसाच्या हजार विड्या कारखान्यात कोण तुझी आई देणार का? हात काय थांबले न्हाईत तिचे. म्हणून ते तसं निघालं."

सर वाकून चित्रातल्या हातांकडं बघायला लागले.

"म्हणजे वारा नव्हता."

"न्हवता, सर. पंखासुद्धा न्हवता."

ती जाडजूड बाई आता हसत नव्हती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सुंदरम्माच्या पाठीवर हात ठेवला.

"बारा वर्षं बोलला का नाहीत?" सरांनी विचारलं.

"तुमी लई छान सांगत हुता की."

सरांनी ती पाटी खिळ्यावरून काढली आणि खिशात घातली. कमिटी काय म्हणायचं ते म्हणू दे. जिन्यावर पाच वाजताच्या लोकांच्या चपला वाजायला लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "या टूरला तुम्ही सांगा. मी ऐकतो."

"उभं राहवत न्हाय, सर."

सरांनी दाराजवळचं स्टूल स्वतः उचलून आणलं आणि चित्राखाली ठेवलं. "बसून सांगा. त्यासुद्धा बसूनच होत्या."

सुंदरम्मा बसली. बारा वर्षांत टूर चालू असताना पहिल्यांदाच बसली. नवे लोक चपला काढून आत आले, वर पंख्याकडं बघितलं. एकानं विचारलं, "मावशी, पाणी कुटं हाय?"

"माठ तितं कोपऱ्यात हाय," सुंदरम्मा म्हणाली. "पण आधी हिच्याकडं बघा. ही नागम्मा."