आसवांपेक्षा खारट नको

नवऱ्याच्या कंपनीपायी मी बीडहून रोह्याला आले, चौथीतच शाळा सुटलेली. बाळाला जुलाब लागले, तेव्हा पाण्याने वाढतील म्हणून मी दिवसभर पाणी तोडलं. पेणच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तर एस.टी.त त्याची मान पडू लागली.

शेजारी मिठागरात राबणारी बाई होती; नाव विचारायचं भान मला नव्हतं.

बाळाचे सुकलेले ओठ पाहून ती म्हणाली, “पानी तोडलंस? माझी पोर अशीच गेली गो!”

नागोठण्याला गाडी थांबताच तिने चहावाल्याकडून उकळलेलं पाणी, साखर, मीठ आणून कालवलं. स्वतः चाखलं.

“आसवांपेक्षा खारट नको.”

मग बाळाला मांडीवर घेऊन ती चमच्या-चमच्याने पाजत राहिली. पेण जवळ आलं आणि तिचं लुगडं भिजलं. मी ओशाळून पुसायला वाकले.

“ऱ्हाऊ दे गो,” ती हसली, “मुतला म्हंजे जगला!”