खालच्या जमिनीचा धडा

स्टाफरूमच्या टेबलावर कुणाच्या हातून पाणी सांडलं, की आम्ही बाकीचे फडकं शोधायला धावायचो. सर मात्र वह्या उचलून बाजूला ठेवायचे आणि बघत बसायचे. पाणी एका कोपऱ्याकडे निघायचं, तिथे जरा घुटमळायचं, मग कडेवरून खाली.

"थांबा हो बाई, पुसू नका. आधी पाणी कुठं जातंय ते बघू."

ओघळ फरशीवर पोचला की समाधानाने म्हणायचे, "आता पुसा." पुसायला स्वतः कधी उठले नाहीत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. प्रत्येक शाळेत एखादं असतंच, आणि आपण त्यांच्याकडे फारसं लक्ष देत नाही. मीही दिलं नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी पनवेलच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा सर तिथे वीसेक वर्षं भूगोल शिकवत होते. अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ती ज्या गावाहून यायची त्या गावाच्या नावाने ते हाक मारायचे. "नेरे, उभा राहा." "चिरनेर, खिडकीबाहेर काय आहे?" एका वर्गात एकाच गावची तिघं असली, तर बाकाचा क्रमांक जोडायचे.

आठवीला नेदरलँड्सवर दीड पानाचा धडा होता. इतर शिक्षक तो एका तासात उरकत. सर तीन आठवडे घ्यायचे.

त्या देशासाठी त्यांनी स्टाफरूममधलं एक लोखंडी कपाट अडवलं होतं. मुंबईत त्या देशाची कचेरी होती, तिला ते दरवर्षी इंग्रजीतून पत्र लिहायचे. मजकूर इंग्रजीच्या बाईंकडून तपासून घ्यायचे आणि तपासलेलं अर्धंअधिक पुन्हा बदलायचे. उत्तरादाखल कधी नकाशा यायचा, कधी माहितीपत्रक. एकदा मोठं, गुळगुळीत कागदाचं कॅलेंडर आलं, तेही गेल्या वर्षीचं. आम्ही हसलो. सरांनी कात्रीने खालच्या तारखा कापून टाकल्या आणि चित्रं ठेवली.

"तारखांशी आपल्याला काय करायचंय?"

त्यातल्या एका चित्रात लाकडी बूट होते. मुलांना हातात धरून बघता यावेत म्हणून सरांनी ते चित्र सुताराकडे नेलं आणि शिवणीच्या लाकडाचा तसाच एक बूट घडवून घेतला. एकच. दुसरा का नाही, असं मी विचारलं.

"दुसरा तसाच असतो."

एका वर्षी मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर होते. मधली भिंत अर्धीच, वर जाळी. मुलं निबंध लिहीत होती आणि पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. नेदरलँड्स म्हणजे खालची जमीन, सर सांगत होते. समुद्राच्या पातळीखालची. बांध घालून राखलेली. पहिल्या बाकांवरच्या, शहरातल्या नोकरदारांच्या मुलांनी धरणं, पवनचक्क्या, फुलं असं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

"छान. आता बांध फुटला तर काय करायचं?"

पानं फडफडली. हे पुस्तकात नव्हतं.

"गव्हाण, शेवटचा बाक. तू सांग."

ती सुगंधा. रोज एसटीने गव्हाणहून यायची. वर्षभर माझ्या तासाला तिने तोंड उघडलं नव्हतं, मला वाटायचं तिला काही येत नाही.

"खांड जाते, सर," ती म्हणाली. "मंग समद्या गावाला जावा लागतं. चिखल नाय टाकला तर शेत खारा होतं. तीन वर्सं भात नाय होत."

वर्ग हसला. 'समद्या'ला हसला, 'नाय'ला हसला. सर रागावतील म्हणून मी कान दिला. ते रागावले नाहीत. फळ्यावर खडू घासल्याचा आवाज आला.

"खांड. बांधाला पडलेलं भगदाड. हा शब्द वहीत उतरवून घ्या. परीक्षेला विचारणार आहे."

आणि त्यांनी खरोखर विचारला. दोन मार्कांना. नेहमी पहिला येणाऱ्या मुलाने तो प्रश्न सोडून दिला होता, त्याचा नंबर हुकला. त्याचे वडील बँकेत अधिकारी होते. ते दुसऱ्याच दिवशी शाळेत आले. हजेरीपटावर सही घ्यायला मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले होते, तिथेच अडकले.

"हा शब्द कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. फळ्यावर होता," सर म्हणाले.

"शिकवताय परदेश आणि विचारताय गावठी शब्द?"

"साहेब, तिथल्या भाषेतला शब्द मला येत नाही. येत असता तर तो विचारला असता."

मुख्याध्यापकांनी घाम पुसला. "सर, द्या दोन मार्क आणि मिटवा विषय."

"देतो. पण आधी मुलानं बांध बघू दे. या रविवारी सकाळी ओहोटी आहे. साहेब, तुम्हीही या."

ते गृहस्थ येतील असं मला वाटलं नव्हतं. पण रविवारी डोक्याला टोपी आणि खांद्याला पाण्याची बाटली अडकवून ते मुलासह स्टँडवर हजर होते. सर सगळा वर्गच गव्हाणच्या बांधावर नेणार होते, मुलींबरोबर कुणी बाई हवी म्हणून मीही निघाले.

बांधावर सुगंधाचे वडील थांबले होते. कमरेला रुमाल, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले. त्यांनी आम्हाला उघाडी दाखवली. बांधाच्या पोटातली वाट आणि तिच्या तोंडावर वरून टांगलेली जाड फळ्यांची झडप. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. भरती आली की खाडीचंच पाणी झडपेला रेटून दार मिटवतं.

"मानूस लागत नाय तिला," ते म्हणाले. "दर्या उघडतो, दर्याच मिटतो."

बँकेतल्या साहेबांच्या मुलाने विचारलं, "मग खांड कशी जाते?"

"खेकडं बिळं करतान. उधान आला का तितनाच फुटतं." मग त्यांनी आपल्या लहानपणची एक खांड सांगितली. भगदाड इतकं मोठं होतं की टाकलेला चिखल वाहून जात होता. शेवटी गावातले बाप्ये हातात हात धरून पाण्यात ओळीने उभे राहिले आणि त्यांच्या पाठीमागे बायकांनी चिखल रचला. "माझा बापूस मदी होता. त्याचा पाय मोडला. पन त्याने हात नाय सोडला."

सुगंधा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. तिनेही ही गोष्ट अशी, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच ऐकली असावी.

सरांनी पिशवीतून कॅलेंडरचं एक चित्र काढलं. त्यात बांध होता, पाण्याचं दार होतं, मागे हिरवी शेतं. सुगंधाच्या वडिलांनी हात रुमालाला पुसून ते धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"यांची पन उघाडीच हाय की." मग सरांकडे बघून म्हणाले, "सर, यांना नोटीस आली का?"

"कसली नोटीस?" बँकेतल्या साहेबांनी विचारलं.

"जमनीची. नवा शहर व्हनार ना. आमाला परवा आली."

सरांनी चित्र परत घेतलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

"मंग इचारा की. तुमी पत्र लिवता ना त्यांना?"

सोमवारी साहेबांच्या मुलाने खांडीवर अर्धं पान उत्तर लिहून आणलं. सरांनी दीड मार्क दिला. वडिलांनी चिठ्ठी पाठवली, दोन का नाहीत? सरांनी खाली लिहिलं, 'शुद्धलेखन.' पुन्हा चिठ्ठी आली नाही.

सरांनी त्या कचेरीला पत्र लिहिलं. या वेळी आधी मराठीत लिहून तपासायला माझ्याकडे दिलं. तुमच्याकडे बांधामागच्या जमिनीवर शहर करायचं झालं तर शेतकऱ्याला काय विचारतात? त्याने नाही म्हटलं तर काय होतं? त्याला पुढे कुठलं काम येतं? असे सहा प्रश्न होते, क्रमांक घालून.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. गुंडाळी उघडली तर ट्यूलिपच्या फुलांचं पोस्टर. सोबत माहितीपत्रक, तेच नेहमीचं.

सरांनी पोस्टर पुन्हा गुंडाळून रबर लावलं आणि कपाटावर ठेवलं. ते त्यांनी कधी भिंतीला लावलं नाही. सुगंधाच्या वडिलांना काय कळवलं, ते मी विचारलं नाही. एवढं खरं की पुढच्या रविवारी सर एकटेच गव्हाणला जाऊन आले.

दोन-तीन वर्षांनी तिथे डंपर लागले. मुरुमाचा भराव पडत गेला आणि खाडी बांधापासून लांब गेली. एका दुपारी सुगंधाचे वडील टेम्पो घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. टेम्पोत उघाडीची झडप होती.

"आता ती कामाची नाय, सर. पोरांना दाखवा."

ती उचलायला चार माणसं लागली. चिखलाचा आणि मिठाचा वास आठवडाभर व्हरांड्यात होता. मुख्याध्यापक कुरकुरले. सरांनी ती आठवीच्या वर्गाबाहेर, नेदरलँड्सच्या नकाशाखाली टेकवून ठेवली. जाताना सुगंधाच्या वडिलांनी झडपेवर हात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. सर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि टेम्पो गेल्यावरही बराच वेळ तिथेच उभे होते. तो तास त्यांनी घेतला नाही. त्यांनी बुडवलेला मला माहीत असलेला हा एकच तास.

निवृत्त झाल्यावर सर बहिणीकडे रत्नागिरीला गेले. सहा महिन्यांत पोस्टकार्ड आलं, ते गेल्याचं. शाळेत दोन मिनिटं शांतता पाळली. फोटो लावायचं ठरलं, पण त्यांचा एकट्याचा असा फोटो कुणाकडेच निघाला नाही.

भूगोलाला नवीन माणूस मिळेपर्यंत तो विषय माझ्याकडे आला. खालच्या जमिनीचा धडा आला. मी कपाट उघडलं, चित्रं फिरवली, झडप दाखवली. नव्या इमारतींमधून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "बाई, ही लावली होती ती जागा कुठं आहे?"

मी वर्गाला गच्चीवर नेलं. चारी बाजूंना बांधकामं, लोखंडी सळ्या, टाक्या. मी हात लांब करून म्हटलं, "तिकडे." पन्नास मुलांनी तिकडे बघितलं. काहींनी वहीत बाणही काढला.

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, की मी दाखवलं होतं ते नेऱ्याकडे, डोंगराच्या बाजूला. गव्हाणची खाडी माझ्या पाठीमागे होती.