आर्ताशातचे उस्ताद

दोरा दातानं तोडायचा, सुई कॉलरमध्ये खोचायची आणि म्हणायचं, "हमारा गाव राजधानी था." कुवेतच्या राई भागातल्या त्या दुकानात गाडीची सीट शिवून घ्यायला गेलेल्या प्रत्येकानं हे ऐकलेलं असणार. ऐकलं नसेल, तर तुम्ही दुसऱ्याच दुकानात गेला होतात.

उस्ताद आर्मेनियाचे, गाव आर्ताशात. उमेदीची सगळी वर्षं कुवेतमध्ये गेलेली आणि हिंदी आपल्याच लोकांकडून उचललेली, म्हणजे ती कशी असेल ते तुम्हीच ताडा.

मी तेल कंपनीत वेल्डिंग तपासतो. जोड दिसला की चीर शोधायची, हा पोटापाण्याचा धंदा. बायको म्हणते, तुम्ही नैवेद्यसुद्धा हुंगून बघाल.

उस्तादांच्या बोलण्यातही मला चीर सापडली. आज गावाला दोन हजार वर्षांपूर्वीची तटबंदी; उद्या त्याच गावात त्यांच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिलेल्या चार मजली इमारती आणि टोमॅटो डबाबंद करायचा कारखाना. घरी बहीण आहे म्हणायचे, पण तिचा फोन आलेला कुणी पाहिला नव्हता. म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

तोवर गंमत होती. मग मालकानं दुकान बंद करायचं ठरवलं, उस्तादांचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवानाही संपत आला आणि त्यांना परत जाणं भाग पडलं. तेव्हा मला खरी धास्ती वाटली. गाव थाप असेल तर बहीणही थाप. मग हा सत्तरीचा माणूस उतरणार कुठं?

मी मोबाईलवर नकाशा उघडून पुढे धरला. "उस्ताद, शहर इधर. राजधानी का खंडहर उधर, दूर. सच बोलो, तुम्हारा गाव कौनसा?"

"दोनो."

"दोनो कैसे?"

"पुराना मर गया. नया बनाया, नाम वोही रखा. तुम्हारा गाव किधर?"

"पैठण के पास. पानी के नीचे. डॅम में गया."

"तुम पानी में पैदा हुआ?"

"नहीं, नये गाव में."

"फिर? तुम मछली है?"

माझा जन्म पुनर्वसनातल्या पत्र्याच्या घरातला. जुनं गाव मी पाहिलंय ते उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दिसणाऱ्या देवळाच्या शिखराएवढंच. तरी ‘आमचं गाव पाण्यात’ हेच आधी तोंडात येतं. मला हसू आलं, आणि या माणसाबद्दल फार माया वाटली.

तरी विमानतळावर सोडताना बहिणीबद्दलची शंका होतीच. काही दिवसांनी फोटो आला. इमारतीची बाल्कनी, उस्ताद, आणि शेजारी डोळे बारीक करून माझ्याकडे बघणारी म्हातारी. सोबत उस्तादांचा आवाज: "बहन बोलती, ये इंडियन झूठा है. गाव पानी में कैसे? फोटो भेज."

फोटो आणू कुठून? धरण तुडुंब. पुढच्या वर्षीही तुडुंब. उस्ताद अधूनमधून विचारत, "क्या मछली, फोटो?" हळूहळू तेही थांबलं.

यंदा पाणी उतरलं. भावानं शिखराचा फोटो काढून पाठवला, तो मी लगेच उस्तादांना धाडला. उत्तर आलं, पण ते त्यांच्या आकडेदार लिपीत लिहिलेलं. उस्तादांनी मला कधी लिहिलं नाही, ते बोलूनच पाठवायचे. फोन आता बहिणीकडे असावा.

मोबाईलमध्ये भाषांतराची सोय आहे, बोट लावायचं काम. अजून लावलेलं नाही. जन्मभर तपासत आलो, एवढं एक मला तपासायचं नाही.