पोटनिवडणुकीत अडकलेलं लग्न

कारंज्याच्या अलीकडे हायवेला लागून जे गाव आहे, तिथे जयवंताच्या हातची पाटोडी, झणझणीत रश्शातल्या बेसनाच्या वड्या, खायला ट्रकवाले दोन ढाबे सोडून तिसऱ्यावर थांबतात. जयवंता अल्लीपूरची. लग्न होऊन इकडे आली आणि आल्यापासून चुलीसमोरच उभी राहिली. नवरा रूपराव गल्ल्यावर बसायचा; म्हणजे बसायचा कमी आणि उठून जायचा जास्त. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची आहे, की हा निघाला. गावाला नगरपंचायत झाली तेव्हा वॉर्डाने त्याला जवळजवळ हाताला धरून निवडून दिलं. जयवंताला राजकारणाचा राग नव्हता, तिला त्यासाठी वेळच नव्हता.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दात घासता घासता रूपराव अंगणात कोसळला आणि दवाखाना गाठायच्या आत गेला.

एकुलत्या एक मुलीचं, समीक्षाचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा दिवाळीनंतरच झाला होता. मुलगा हिंगणघाटचा, रजत नावाचा, गिरणीत सुपरवायझर. घरात बाप गेला की लग्न एक तर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही रीत. रजतच्या आजीने अंथरूण धरलेलं. तिच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून त्या लोकांनी अदबीने पण स्पष्ट सांगितलं, तीन वर्षं आमच्याच्याने थांबणं होणार नाही. जयवंतानेही रडता रडता मनात तेवढं एकच धरलं. पोरीचं लग्न वर्षाच्या आत.

तेरवीला सगळा पक्ष लोटला. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं रूपरावचं झालं. जिवंतपणी ज्यांनी त्याचा फोन उचलला नाही, ते माईकवर हुंदके देत होते. पक्षाचे शहराध्यक्ष नत्थूजी यांनी तर पंगत उठण्याआधीच जाहीर करून टाकलं, की रिकाम्या जागेवर आमच्या जयवंता वयनीच उभ्या राहतील. तिला कुणी विचारलं नव्हतं. पंगतीत कोपऱ्यात बसलेला डेहनकर हे ऐकून जेवायचा थांबला. तो त्याच पक्षाचा, आणि रूपरावच्या तिकिटावर डोळा ठेवून दोन निवडणुका गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात हे जयवंताने ऐकलं होतं. त्यांना आपणच बुंदी वाढतो आहोत, हे त्या दिवशी तिच्या ध्यानात आलं नाही. खोटं कशाला बोला, तिला ते ऐकून बरंही वाटलं. ज्या बाईला आयुष्यभर 'रश्शात तिखट वाढव' याशिवाय कुणी काही बोललं नाही, तिच्या नावाने टाळ्या पडल्या की बरं वाटणारच. पुढे कित्येक दिवस ती चुलीपुढे एकटी असली की कढईकडे बघून 'बंधू आणि भगिनींनो' म्हणून पाहायची.

माघात तिने लग्नाची तारीख काढायला घेतली, तर नत्थूजी धावत आले.

"वयनी, काऊन घाई करून राह्यल्या? निवडणूक आता लागतेच. तुम्ही दारात बँड वाजवला तं लोक म्हणतील, नवऱ्याची राख थंडी नाई झाली अन् हिले लगन सुचते. सारी सहानुभूती जाते बाप्पा."

"भाऊजी, पोरीचा बाप गेला. तिले सहानुभूती नाई पाह्यजे का?"

"दोन महिने. मग आपण असं लगन लावू का जिल्हा पाहीन."

जाता जाता साडी जरा साधी नेसत जा, असंही ते सांगून गेले. मतदाराला दुःख दिसलं पाहिजे म्हणाले. जयवंताला त्या दिवशी पहिल्यांदा किळस आली, पण तिने ती गिळली आणि हिंगणघाटला फोन करून तारीख पुढे ढकलली.

इकडे डेहनकरचं गणित उलटं. निवडणूक जितकी लांबेल तितकं लोक रूपरावला विसरतील, आणि तितकं तिकीट त्याच्या जवळ सरकेल. त्याने कुणालातरी पुढे करून वॉर्डाच्या मतदार यादीवर कोर्टात अर्ज ठोकला. तारीख लागली, पुढे गेली. पुन्हा लागली, पुन्हा गेली. नत्थूजी निवडणूक लवकर घ्या म्हणून निवेदनं देत होते, डेहनकर ती लांबावी म्हणून वकील बदलत होता, आणि दोघं पक्षाच्या बैठकीत एका सतरंजीवर बसून एकमेकांना 'आमचे मोठे बंधू' म्हणत होते.

गंमत म्हणावी तर ही, की चैत्रात डेहनकर स्वतः जयवंताच्या दारात आला. हातात आंब्याची पेटी.

"वयनी, पोरीचं लगन लवकर उरकून टाका. मंडप माह्याकडून, बँड माह्याकडून. चांगलं वाजतगाजत करा."

त्याच्या तोंडून हे ऐकून ती क्षणभर विरघळली. मग तिच्या लक्षात आलं, की याला लग्न नको आहे, याला बँड हवा आहे. वाजतगाजत लग्न झालं की विधवेचं दुःख संपलं, आणि दुःख संपलं की तिकीट संपलं. एकाला तिची पोर बिनलग्नाची हवी होती आणि दुसऱ्याला लग्नाची, आणि दोघांनाही पोरीचं नाव धड माहीत नव्हतं. डेहनकर तिला 'समिता' म्हणत होता. पेटी तिने रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना वाटून टाकली. त्यातला एकही आंबा तिच्याने तोंडाला लाववला नाही.

पण नाही म्हणायचा धीर तिला तेव्हाही झाला नाही. रूपरावचं काम पुढे न्यायचं आहे, असं नत्थूजी आले की सांगायचे, आणि तिला ते खरं वाटायचं. असं करता करता उन्हाळ्यातले मुहूर्त गेले. आषाढ लागला, मुहूर्तच बंद झाले. एकदा कांदा चिरता चिरता समीक्षा म्हणाली, "आई, बाबा असते तं त्यायनं यायले हाकलून देल्लं असतं." जयवंताने चिरलेला कांदा कढईत लोटला.

आता तुळशीच्या लग्नानंतर आणि रूपरावच्या वर्षश्राद्धाआधी जेवढे दिवस उरत होते, तेवढेच. कार्तिकातला एक मुहूर्त तिने कुणालाही न विचारता धरला. आणि दैवाची थट्टा पाहा, निवडणूकही शेवटी तेव्हाच लागली. अर्ज भरायचा शेवटचा दिवस आणि समीक्षाचं लग्न एकाच दिवशी आलं. नत्थूजींनी निरोपावर निरोप धाडले, लग्न दोन दिवस सरकवा. तिने एकाचंही उत्तर दिलं नाही. तरी हळदीच्या रात्री तिला झोप लागली नाही. उद्या हे लोक मला न्यायला येतील, सगळ्या वऱ्हाडासमोर हात जोडतील, रूपरावचं नाव काढतील, मग मी काय बोलू? नवऱ्याची जागा आपण लाथाडतो आहोत की काय, हा काटा तिच्या मनातून निघत नव्हता.

सकाळी ते आले. नत्थूजी आणि डेहनकर, एकाच जीपमधून. मांडवात रूपरावचा फोटो खुर्चीवर ठेवला होता, फोटोला फेटा बांधला होता. कन्यादान समीक्षाचा मामा करणार, पण बाप शेजारी बसलेला असावा, म्हणून.

जयवंता पदर खोचून पुढे झाली. "भाऊजी, मले माफ करा. मी आज अर्ज भराले येत नाई. पोरगी पाटावर बसून राह्यली."

नत्थूजींनी डेहनकरकडे पाहिलं. डेहनकरने खाली पाहिलं.

"नाई वयनी, ते तं झालं," नत्थूजी म्हणाले. "तिकीट यायले भेटलं. वरूनच आलं तसं. अर्ज हेच भरून राह्यले." तिकिटाच्या बदल्यात डेहनकरने नत्थूजींच्या जावयाची दुसरीकडे नोकरीची सोय लावून दिली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त जयवंताला. "तुम्ही फक्त अर्धा तास जीपवर उभ्या राहा. रूपरावचा फोटो हातात घेऊन. लोकाईले बरं वाटते."

म्हणजे वर्षभर जिच्यापायी पोरीचं लग्न टांगून ठेवलं, ती उमेदवारी यांनी आपसात कधीच वाटून खाल्ली होती. एवढी जळफळाट व्हायची गोष्ट, पण जयवंताला राग आला नाही. नुसती किळस आली, स्वच्छ आणि पुरेपूर, आणि त्या किळसेत मनातला काटा कुठल्या कुठे निघून गेला.

"मी येत नाई," ती म्हणाली.

"बरं, तुम्ही नका येऊ. फोटो तेवढा द्या. संध्याकाळी आणून देतो."

"त्यायले बी आज जमत नाई. त्यायले आज पोरीचं कन्यादान आहे."

डेहनकरने मान डोलावली, जणू कुणी कामात असल्याचा निरोप मिळाला. मग दोघं जीपमध्ये बसून निघून गेले. अक्षता पडल्या. रजतच्या आजीला गाडीतून आणलं होतं, तिने पाठीला उशी लावून सगळं पाहिलं.

दुपारी पाठवणीची गाडी हायवेला लागायची तर चौकात थांबावी लागली. कमानीएवढा बॅनर नुकताच बांधत होते. एका बाजूला रूपराव हसत होता, आणि दुसऱ्या बाजूला डेहनकर त्याच्याकडे वळून हात जोडून उभा होता. खाली लिहिलं होतं, 'तुमचे अपुरे कार्य मी पूर्ण करीन.' हा कधी छापला, असं बांधणाऱ्याला कुणीतरी विचारलं, तर तो म्हणाला, ऑर्डर परवाचीच आहे.

पोरीला हायवेपर्यंत सोडायला बसलेली जयवंता गाडीतून उतरली. चौकातल्या टेलरकडून मोठी कात्री मागून घेतली. बांधणाऱ्याची शिडी लागलेलीच होती. नवी साडी खोचून ती चढली, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याच्या कडेकडेने, पाटोडीच्या वड्या कापाव्या तशी सावकाश, कात्री चालवली. तिला कुणी अडवलं नाही. खाली उतरून तिने ते कापड घडी करून समीक्षाच्या मांडीवर ठेवलं.

"घेऊन जाय," ती म्हणाली. "सासरी बाप पोचवाले आला पाह्यजे."

गाडी गेली. मतदानापर्यंत तो बॅनर तसाच राहिला, कारण दुसरा कुणी करायचा यावरून पक्षात वाद लागला होता. येणारे-जाणारे पाहत होते. डेहनकर एका भोकाला हात जोडून उभा होता.