तपकिरी मफलर, एक

कोणाचा दात पडला, कोणाच्या घरी बाळ आलं, कोणत्या गुरुजींनी नवी सायकल घेतली आणि पहिल्याच वळणावर कुंपणात घातली, या सगळ्या खबरी घरोघर पोचायच्या त्या बातमीबाईंमुळे. बाई प्राथमिक शाळेच्या कार्यालयात कारकून. दर शुक्रवारी त्या शाळेचं दोन पानी पत्रक काढायच्या आणि ते प्रत्येक पोराच्या दप्तरातून घरी जायचं. तुम्ही म्हणाल, शाळेच्या पत्रकात काय असणार? नखं कापा, फॉर्म भरा. छे! बाईंच्या पत्रकात असं असायचं: ‘पहिलीतल्या एका गृहस्थांचा समोरचा दात मधल्या सुट्टीत पडला. दात सापडला आहे. गृहस्थ अजून रडत आहेत.’ घरी बाप मंडळी चहा निवेपर्यंत ते वाचत बसायची. बावीस वर्षं हे चाललं.

बाईंचे यजमान घड्याळवाले. चौकात त्यांचं दुरुस्तीचं टिचभर दुकान. संध्याकाळी पाचला बायकोला न्यायला यायचे, कार्यालयातल्या बाकावर बसायचे आणि शाळेच्या शिपायाला, म्हणजे मामांना, मोठ्याने सांगायचे, “मामा, तुमचं भिंतीवरचं घड्याळ अगदी आमच्या हिच्यासारखं आहे बघा. चार मिनिटं पुढे, आणि कोणाचं ऐकेल तर शपथ!”

बाई मान वर न करता म्हणायच्या, “छापते शुक्रवारी.”

असे ते घड्याळवाले दहा महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता गेले. अर्धी दाढी राहिली.

पंधराव्या दिवशी बाई कामावर आल्या. लोक त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, काहीतरी दिसेल म्हणून. तिथे काही नव्हतं. कोणी जवळ बसून हात धरला तर बाई तो हात परत मिळेपर्यंत थांबायच्या आणि मग टाइप करायला लागायच्या. शुक्रवारी पत्रक निघालं, पण ते मागच्या वर्षीचं. नुसत्या तारखा बदललेल्या. मग तेच चालू झालं. चौथीतल्या एकाचे मागल्या साली पडलेले दात यंदा पुन्हा पडले. त्याच्या आईने फोन केला नाही. कोणीच केला नाही. एरवी पत्रकात आडनावाचा काना चुकला तर दारात उभी राहणारी माणसं ही!

एक कोपरा मात्र दर आठवड्याला खरा असायचा: हरवलं-सापडलं. त्याला इलाज नव्हता, कारण त्यासाठी पेटी उघडून बघावी लागायची. शाळा सुटल्यावर आवारात जे राहील ते मामा या लाकडी पेटीत टाकत. घड्याळवाले शेवटच्या संध्याकाळी मफलर बाकावर विसरून गेले होते. मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे पेटीत टाकला, आणि दुपारी बातमी आली. नंतर मामांची तो बाहेर काढायची छाती झाली नाही. बाई कामावर आल्या, त्यांनी पेटी उघडली, एकेक वस्तू बाहेर काढली, परत ठेवली आणि टाइप केलं: ‘निळा हातमोजा, एक. पाण्याची बाटली, झाकण नाही. तपकिरी मफलर, एक. ओळख पटवून न्यावा.’

दहा महिने दर शुक्रवारी ही ओळ घरोघर गेली. मफलर कोणाचा हे शाळेतल्या उंदरांनाही ठाऊक होतं.

आता सुट्टीच्या पिशव्यांचं ऐका. थंडीची पंधरा दिवसांची सुट्टी लागली की शाळेतलं दुपारचं जेवण बंद व्हायचं, आणि काही घरांत त्या जेवणाची जागा भरून काढायला दुसरं काही नसायचं. म्हणून बाईंनी फार पूर्वीच एक पद्धत बसवली होती. सुट्टीला निघताना एकशे चाळीसच्या एकशे चाळीस मुलांना सारखी निळी कापडी पिशवी. वर सगळ्यांना गोष्टींची दोन पुस्तकं. खाली बहुतेकांना चित्रकलेच्या कागदांचा जाडजूड गठ्ठा, आणि एकोणीस जणांना तांदूळ, डाळ, दुधाची पावडर, बिस्किटं. वजन सारखं, फुगवटा सारखा. धान्याच्या पिशवीला दुहेरी गाठ, कागदाच्या पिशवीला एकेरी. मग बाई गाठी बघून नावाच्या चिठ्ठ्या अडकवायच्या. ते एकोणीस कोण, हे कागदावर कुठेच नव्हतं. ते बाईंच्या डोक्यात. वर्गात कोणाला पत्ता नाही, की शेजाऱ्यांना नाही.

यंदा बाईंनी सगळ्या पिशव्यांना एकेरी गाठ मारली आणि चिठ्ठ्या हजेरीच्या क्रमाने अडकवून टाकल्या.

शुक्रवारी शाळा सुटली. तासाभरात दातांच्या डॉक्टरांचा फोन. डॉक्टर खुशीत होते. “प्रकल्प छान आहे हो! चिरंजीव डाळीचे दाणे मोजतायत. आठशेपर्यंत आलेत. आता पुढे काय करायचं?”

बाईंनी फोन ठेवला. उरलेल्या चिठ्ठ्यांच्या दोऱ्याकडे बघितलं. मग मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या आणि हवामान सांगावं तशा म्हणाल्या, “एकोणीस घरी कागद गेला असणार.”

मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारला. “परत मागवू या सगळ्या पिशव्या!”

“मागवल्या तर दारोदार चर्चा होईल, कोणाच्या पिशवीत काय होतं.”

“मग कोठारातलं पुढच्या महिन्याचं सामान काढा, पिशव्या भरा. पण दारात नेऊन देणार काय सांगून? शेजारीपाजारी बघणार नाहीत? आणि यादी?”

“डोक्यात आहे.”

“ते डोकं ठिकाणावर आहे का?” मोठ्या बाई बोलून गेल्या आणि जीभ चावली. बाईंना काही लागल्यासारखं दिसलं नाही. त्या उघड्या दारातून पेटीकडे बघत होत्या.

“सुट्टीत पेटी रिकामी करतोच आपण,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पोराचं शाळेत राहिलं होतं, असं म्हणू. वस्तू वर, पिशवी खाली.”

शनिवारी सकाळी मामांनी हातगाडी काढली. त्यावर एकोणीस पिशव्या आणि पेटी. पुढे बाई. आणि काय सांगावं! लोकांनी काय एकेक अभिनय केला! रंगाऱ्याच्या बायकोने पहिलीतल्या मापाचा स्वेटर सहावीतला वाटावा अशा मुलाच्या अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, “अगं बाई, सापडला का! किती शोधला!” पोरगं तोंड उघडणार, तेवढ्यात तिने त्याला चिमटा काढला. एका आजोबांनी झाकण नसलेली बाटली छातीशी धरली, “आमच्या घराण्यातली आहे हो.” कोणी बाईंच्या डोळ्यांत बघितलं नाही, आणि प्रत्येकाने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. मामा गाडीच्या मागे तोंड लपवून हसत होते. बाई प्रत्येक दारात तेच वाक्य त्याच आवाजात म्हणत होत्या.

दुपारी एक पिशवी उरली. पेटीतही फारसं काही राहिलं नव्हतं.

शेवटचं घर इस्त्रीवालीचं. जिन्याखालची एक खोली, टेबलावर कपड्यांचे ढीग, बाहेर पाटी. तिची मुलगी दुसरीत. तिला सगळी शाळा इन्स्पेक्टर म्हणायची, कारण गुरुजींनी फळ्यावर तारीख चुकीची लिहिली तरी ती उभी राहायची. पत्रक आईला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायची.

नशीब असं की वरच्या मजल्यावरच्या काकू तेव्हा खाली आल्या होत्या. काकूंना गल्लीत भोंगा म्हणत, आणि त्यात कौतुक नव्हतं. चार कपडे द्यायला आल्या होत्या नि तासभर बसल्या होत्या.

“तुमच्या मुलीचं शाळेत राहिलं होतं,” बाई म्हणाल्या आणि पिशवीवर लाल स्वेटर ठेवून पुढे केला.

“हा माझा नाही,” इन्स्पेक्टर म्हणाली. “माझा अंगात आहे.”

भोंगा सरसावून बसली.

बाईंनी स्वेटर काढून हातमोजा ठेवला.

“हा तिसरीतल्या ढब्ब्याचा. निळा, अंगठ्याला भोक. तो म्हणतो माझा नाही, पण आहे.”

“मग मुलीचं काही राहिलंच नाही की!” काकू म्हणाल्या. “आणि ही पिशवी कसली हो बाई? पोरांना कालच दिल्यात ना? आमच्या नातवाला मिळाली. हिला परत कशाला? बघू तरी.” काकूंनी हात पुढे केला.

इस्त्रीवालीचा हात एका शर्टावर थांबला होता. इस्त्रीही तिथेच थांबली होती आणि कापडाचा करपट वास यायला लागला होता. बाईंना तो वास आला, काकूंचा हात दिसला, आता काहीतरी बोलायला हवं हेही कळलं. पण त्यांच्यापाशी एकच वाक्य होतं आणि ते संपलं होतं.

पोरीने आईकडे बघितलं. मग चवड्यांवर उभी राहून पेटीत डोकावली.

“तो मफलर माझा आहे.”

मामा खोकले.

“ओळख पटव,” बाई म्हणाल्या. दहा महिन्यांच्या सवयीने निघालं तोंडातून.

“तपकिरी. एक.” इन्स्पेक्टरने पेटीतल्या मफलरकडे निरखून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होती, आणि तेही नियमात बसवून. “एका टोकाला तेलाचा डाग आहे. छोटा. वाटाण्याएवढा.”

बाईंनी मफलर काढला. डाग होता.

“एवढ्याशा पोरीला केवढा तो मफलर!” काकू म्हणाल्या.

“तिच्या मामाने दिलाय,” इस्त्रीवाली इस्त्री उचलत म्हणाली. “वाढेल की ती. आणि काकू, तुमच्या साहेबांचा शर्ट करपलाय थोडा, बघून घ्या.”

काकू शर्टाकडे धावल्या. बाईंनी पिशवी दिली, वर मफलर दिला आणि बाहेर आल्या.

गल्लीच्या टोकाशी मामांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, “वहिनी, परत आणू का? उद्या जाऊन येतो. कोणाला कळणार नाही.”

“ओळख पटली ना मामा,” बाई म्हणाल्या. “नियम आहे.”

जवळजवळ रिकामी पेटी गाडीवर खडखडत होती. बाईंना वाटलं, आता रडू येईल. त्या थोडं थांबल्याही. नाही आलं. मग घरी जाऊन त्यांनी भात लावला आणि पुढचे पंधरा दिवस गेले.

शाळा उघडली त्या शुक्रवारी बाई मागच्या वर्षीचं पत्रक उघडून तारीख बदलत होत्या. दारात इन्स्पेक्टर. हातात मफलर, धुतलेला, कडक इस्त्रीचा, रुमालासारखी घडी घातलेला.

“आई म्हणते परत दे. हा घड्याळवाल्या काकांचा आहे.” तिने जरा दम घेतला. “मी खोटं बोलले. पत्रकात छापणार?”

“नाही.”

बाईंनी हात पुढे केला. पोरगीने मफलर मागे घेतला.

“ओळख पटवा.”

मामा बाकावरून उठून उभे राहिले. “ए पोरी—”

“राहू दे मामा.” बाईंनी की-बोर्डवरचे हात मांडीवर घेतले. “तपकिरी,” त्या म्हणाल्या. “एक.” भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे चालत होतं. “टोकाला डाग आहे. घड्याळाच्या तेलाचा. मी सांगायची हात पुसायला फडकं घ्या, तर मफलरला पुसायचे.”

“डाग आता नाहीये. आईने काढला.”

“होता.”

इन्स्पेक्टरने विचार केला. “हो, होता,” ती म्हणाली. “पटली.”

मफलरला साबणाचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही. बाईंनी तो नाकाशी धरला, खाली घेतला, गळ्याभोवती एक वेढा दिला. काही झालं नाही. गळा तेवढा झाकला गेला. पोरगी समोर उभीच होती आणि तोंड उघडं ठेवून बघत होती. वरचे दोन्ही दात गायब.

“कधी पडले?”

“सुट्टीत. एक मिळाला. एक बिस्किटाबरोबर पोटात गेला.”

ती वर्गात पळाली. बाईंनी हरवलं-सापडलंमधली ती ओळ खोडली. जागा रिकामी राहिली. पत्रकात रिकामी जागा सोडायची नाही, हा त्यांचा जुना नियम. त्यांनी तिथे टाइप केलं: ‘दुसरीतल्या एका अधिकाऱ्यांचे वरचे दोन दात सुट्टीत पडले. एक हाती लागला. दुसरा बिस्किटासह गिळल्याची कबुली अधिकाऱ्यांनी स्वतःहून दिली आहे.’

मामांनी खांद्यावरून वाचलं आणि फस्सकन हसले. बाई हसल्या नाहीत. काना-मात्रा तपासल्या आणि एकशे चाळीस प्रती काढायला दिल्या.